छापील पानाकडून वाच्य मजकुराकडे : दृष्टिहीनांचा ग्रंथाधिकार

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी दृष्टिविषयक दिव्यांगत्व असणाऱ्यांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. यांतील अनेकजण उच्च शिक्षण घेतात, स्पर्धा परीक्षांना बसतात. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय पदांपैकी ४ टक्के पदे दिव्यांगांसाठी राखीव असून त्यांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहेत. परंतु अभ्यासाचे पुस्तकच वाचता येत नसेल, तर आरक्षणाचा लाभ कागदावरच राहतो.

पुस्तक वाच्य कसे होते?

छापील पान स्कॅन केल्यावर संगणकाला मिळते ते केवळ चित्र. त्यातील अक्षरे ओळखून त्यांचे युनिकोड मजकुरात रूपांतर करण्याचे काम अक्षर-ओळख प्रणाली (ओसीआर) करते. असा मजकूर स्क्रीन रीडर मोठ्याने वाचून दाखवतो. त्यापासून ब्रेल, डेझी किंवा ठळक टंकातील आवृत्ती तयार करता येते.

खरे परिश्रम यानंतर सुरू होतात. एका पानावर २,००० अक्षरे आहेत आणि प्रणालीची अचूकता ९९ टक्के आहे असे मानले, तरी दर पानी २० चुका राहतात. ३०० पानांच्या ग्रंथात ६,०००. देवनागरीत शिरोरेषा आणि जोडाक्षरे यांमुळे अडचण वाढते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत होते व 'धन'चे 'घन' होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात दशांशचिन्ह गळाले, तर ६.५ टक्क्यांचे ६५ टक्के होतात आणि ऐकणाऱ्याला ती चूक पडताळण्याचे साधन नसते. कोष्टकातील स्तंभ एकमेकांत मिसळतात. मागणी वक्राची आकृती तर शब्दांत वर्णन केल्याशिवाय पोहोचतच नाही. म्हणून मुद्रितशोधन, शीर्षकांची व पृष्ठांकांची खूण आणि आकृतींचे वर्णन ही कामे माणसालाच करावी लागतात.

कायद्याची चौकट

प्रताधिकार (सुधारणा) अधिनियम, २०१२ ने या कामातील मोठा अडथळा दूर केला. कलम ५२ मधील तरतुदीनुसार दिव्यांगांसाठी सुगम स्वरूपातील प्रत तयार करण्यास प्रकाशकाची परवानगी लागत नाही. मात्र संस्थेने ती ना-नफा तत्त्वावर, केवळ निर्मितिखर्च आकारून द्यावी आणि ती व्यापारी मार्गाने बाजारात जाणार नाही याची दक्षता घ्यावी, अशी अट आहे. नफा तत्त्वावरील संस्थांसाठी कलम ३१-ब मध्ये सक्तीच्या परवान्याची व्यवस्था आहे. २०१३ मध्ये संमत झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होय. ३० सप्टेंबर २०१६ रोजी अमलात आलेल्या या करारामुळे सुगम प्रतींची देशादेशांत देवाणघेवाण शक्य झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

अर्थशास्त्रीय बाजू

सुगम पुस्तकाचा पहिल्या प्रतीचा खर्च मोठा, तर पुढील प्रतीचा जवळजवळ शून्य असतो. ग्राहकवर्ग लहान असल्याने बाजारपेठ हा पहिला खर्च उचलण्यास उत्सुक नसते. सार्वजनिक वस्तूच्या बाबतीत आढळणारे बाजाराचे अपयश ते हेच. त्यातच एकच पुस्तक दोन शहरांतील दोन संस्थांनी स्वतंत्रपणे स्कॅन केले, तर दुर्मीळ श्रम वाया जातात. सामायिक ग्रंथसूचीचे मोल यामुळे कळते.

याहून मूलभूत प्रश्न असा, की आज बहुतेक पुस्तके संगणकावरच जुळवली जातात. मग ती कागदावर छापून पुन्हा स्कॅन का करावी? प्रकाशकाने मूळ फाइल दिली, तर महिन्यांचे काम दिवसांत होऊ शकते. ती फाइल जुन्या, युनिकोडेतर टंकात असली, तर आधी तिचे रूपांतर करावे लागते. तरीही ते स्कॅनिंगपेक्षा स्वस्तच पडते. शासकीय पाठ्यपुस्तके आणि अहवाल यांच्या बाबतीत ही शिस्त लागू करणे तुलनेने सोपे आहे. परीक्षेनंतर हाती येणारे पुस्तक निरुपयोगी असते. समान संधीचे तत्त्व पाळायचे, तर छापील आणि सुगम आवृत्ती एकाच दिवशी उपलब्ध होणे हेच धोरणाचे उद्दिष्ट असले पाहिजे.