मोटारींतील ऊब कां नाहींशी होते?

मार्गशीर्ष-पौषांत खडकवासल्याच्या जलाशयावर पहांटे उतरणारें धुकें आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचें असेल. भाजीपाला घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत उजाडण्यापूर्वीं पोंचावयाचें तर रात्र असतांनाच निघावें लागतें. बाहेर धुकें आणि आंत बसलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ कांचेवर! अशा वेळीं हीटर ही चैनीची वस्तु राहत नाहीं. समोरचा रस्ता दिसणें न दिसणें तिजवर अवलंबून असतें.

गेल्या पौषांत आमच्या घरच्या जुन्या डिझेल गाडीच्या हीटरांतून कोमट फुंकर तेवढी येऊं लागली. घटकाभरानें ऊन पडतेंच, असें म्हणून आम्हीं पंधरा दिवस तिकडे लक्ष दिलें नाहीं. तें आमचें चुकलें.

हीटरांत स्वतःचा विस्तव नसतो, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. १९४६ सालीं खडकीस किर्लोस्करांचा ऑईल एंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. तसलीं एंजिनें ज्यांनीं विहिरीवर चालविलीं, त्यांस एंजिनांतून फिरून पाटांत पडणाऱ्या पाण्याखालीं हात धरून त्याची प्रकृति ओळखण्याची संवय असे. मोटारींत तेंच पाणी वाहून न जातां रेडिएटरांत निवून पुन्हां एंजिनांत येतें. त्यांतील कांहीं भाग दोन रबरी नळ्यांनीं डॅशबोर्डामागील एका लहान जाळींतून फिरतो व पंखा त्या जाळीवरून हवा फुंकतो. सबब ऊब कमी झाली, तर पाणी कमी आहे, पाणी तापत नाहीं, जाळीपर्यंत पोंचत नाहीं, किंवा हवेची वाट अडली आहे, यांपैकीं एक कारण असलेंच पाहिजे.

पाणी पाहावयाचें तें सकाळीं, एंजिन पूर्ण थंड असतांना. गरम असतां रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये; आंतील दाब सुटतांच पाण्याची एकदम वाफ होऊन तोंड-हात भाजतात. पाणी कमी आढळल्यास केवळ भर घालून स्वस्थ बसूं नये, तें कोठें जातें याचा शोध करावा. कांचेवर आंतून चिकट थर बसत असेल, गोडसर वास येत असेल किंवा पायाखालचा गालिचा ओला लागत असेल, तर ती लहान जाळीच फुटली आहे असें समजावें. डॅशबोर्डामागें खळखळ आवाज येत असेल, तर पंप जसा हवा धरतो तशी नळ्यांनीं हवा धरली आहे. गाडीचें तोंड चढाकडे करून, एंजिन थंड असतांनाच झांकण काढून, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून एंजिन चालवावें. बुडबुडे निघून पाणी खालीं जाईल तसतशी भर घालावी. कांहीं गाड्यांस हवा सोडण्याचा निराळा स्क्रू असतो.

यानंतर एंजिन तापवून, तें बंद करून, त्या दोन नळ्यांस जपून हात लावून पाहावा. दोन्ही कढत असल्यास दोष हवेच्या बाजूचा, म्हणजे झडपेचा, पंख्याचा किंवा गाळणीचा होय. एक कढत व दुसरी गार असल्यास जाळी चोंदली आहे, किंवा वाटेंतील कॉक बंद आहे. आमच्या गाडीच्या दोन्ही कोमट होत्या. मोकळ्या रस्त्यावर उष्णतामापकाचा कांटा खालीं जाई, व गर्दींत थांबलें कीं थोडा वर येई. यावरून संशय थर्मोस्टॅटवर गेला.

थर्मोस्टॅट म्हणजे एंजिन व रेडिएटर यांमधील दार. १८७९ सालीं पुरें झालेलें, व १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या प्रलयांत फुटल्यावर पुन्हां उभारलेलें आमच्या गांवचें धरण पाणी राखून वेळेवर सोडतें. हें दार उष्णता राखून वेळेवर सोडतें. पाणी ८२ किंवा ८८ अंश सेल्सियसच्या सुमारास पोंचलें म्हणजे तें उघडूं लागतें. आमच्या गाडींत मात्र दारच नव्हतें! मागील उन्हाळ्यांत सिंहगडच्या चढणीवर गाडी तापली, तेव्हां एका कारागिरानें, ‘आपल्या हवेंत याची गरज नाहीं,’ म्हणून तें काढून फेंकलें होतें. असा सल्ला पुष्कळ ठिकाणीं मिळतो, आणि तो ऐकण्यांत आमचाही दोष आहेच. दार नसल्यानें एंजिन सदा अर्धवट थंड राहतें, डिझेल अधिक खातें व तेल लवकर बिघडतें. तापण्याचें मूळ कारण तसेंच राहतें, तें वेगळेंच.

आमचें मूळ कारण रेडिएटरांत सांपडलें. आम्ही वेळोवेळीं विहिरीचें पाणी ओतीत आलों होतों. आपल्याकडील विहिरींचें पाणी बहुधा जड. तापलें कीं त्यांतील चुना, चहाच्या किटलींत बसतो तसा, नळ्यांत बसतो. शिवाय एका नळीचा सांधा पाझरत असल्यानें पाणीही घटलें होतें. आणखी घटलें असतें तर कांटा भरंवशाचा राहिला नसता, कारण पाण्याबाहेर पडलेला मापक खरी उष्णता सांगत नाहीं. हेडचें गॅस्केट जाऊन खर्च अनेक पटींनीं वाढला असता.

रेडिएटर धुवून घेतला, सांधा आवळला, नवा थर्मोस्टॅट आणला. बसविण्यापूर्वीं तो पाण्याच्या पातेल्यांत टांगून, शेजारीं उष्णतामापक धरून तापविला. कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडला. (पातेलें स्वयंपाकघरांत परत गेलें नाहीं, हें सांगणें नलगे.) मग कूलंट व शुद्ध केलेलें पाणी निम्मेंनिम्म भरलें. असें मिश्रण साध्या दाबाखालींही सुमारें १०७ अंशांपर्यंत उकळत नाहीं, व गंज धरूं देत नाहीं. आतां निघाल्यावर थोड्याच वेळांत कांच स्वच्छ होते. ए. सी. हवेंतील ओल काढतो, म्हणून तोही हीटरबरोबर चालू ठेवल्यास अधिक लवकर होते.

कूलंट विषारी असून चवीला गोड असतें. गुरें व कुत्रीं तें चाटतात व मरतात. पाटांत, कालव्यांत किंवा गोठ्याजवळ तें कधींही ओतूं नये. आमच्या गाडींतून काढलेलें पाणी डब्यांत भरून, बूच लावून, ‘विष’ अशी चिठ्ठी चिकटवून उंच फळीवर ठेविलें आहे. गॅरेजवाल्यानें तें घेऊन जाण्याचें कबूल केलें आहे. अद्याप नेलेलें नाहीं.