थंड पाण्याची तालीम

हिंगोली जिल्ह्यांत पूर्णेवर सिद्धेश्वर आणि जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेवर इसापूर, असे दोन मोठे जलाशय आहेत. या भागांतील विहिरींत पोहावयास शिकलेल्या तरुणास दूरच्या समुद्राची ओढ लागली, तर त्यास बळाची उणीव भासत नाहीं; उणीव भासते ती थंडीच्या सवयीची.

इंग्लिश खाडी अरुंद जागींहि सुमारें 33 किलोमीटर रुंद आहे, आणि उन्हाळ्यांत तिचें पाणी साधारणतः 15 ते 18 अंश सेल्सिअस असतें. मिहिर सेन यांनीं 1958 सालीं व आरती साहा यांनीं 1959 सालीं ती पार केली. पुण्याचे रोहन मोरे यांनीं 2018 सालीं न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी ओलांडून अशा सात सागरी मार्गांची मालिका पुरी केली.

पाणी हवेपेक्षां सुमारें 25 पट वेगानें उष्णता हरण करतें. थंड पाण्यांत शिरतांच पहिलीं एकदोन मिनिटें श्वास अनावर होतो. याच वेळीं पाणी छातींत जाण्याचें भय अधिक. यावर उपाय एकच : पुनःपुनः, थोडा थोडा वेळ, सोबतीसह पाण्यांत उतरणें. पौषांतील पहाट या पहिल्या धड्यास पुरेशी आहे. अंतर, हातांची लय, पोहतां पोहतां अन्न घेणें, हेंहि जलाशयांत साधतें; मात्र त्यास परवानगी व सोबतीची नाव हवी. पुढील धडा अधिक थंड प्रदेशांतच गिरवावा लागतो. खाडीसाठीं सुमारें 16 अंशांच्या वा त्याहून थंड पाण्यांत 6 तास पोहून दाखवावें लागतें.

तथापि खरा धोका निराळाच आहे. शरीर निवूं लागलें कीं बोटें आंखडतात, आणि मग विचारशक्तिहि मंदावते. पोहणारा "मी ठीक आहें" असेंच म्हणत राहतो. म्हणून नावेंतील सोबत्यानें दर मिनिटास हात किती पडतात तें मोजावें, साधा प्रश्न विचारावा, आणि उत्तर अडखळलें तर त्यास बाहेर घ्यावें. त्याच्या नुसत्या स्पर्शानें प्रयत्न बाद होतो, महिन्यांची मेहनत वायां जाते. म्हणूनच हा अधिकार त्यास किनाऱ्यावर असतांनाच द्यावा लागतो. बाहेर आल्यावरहि कांहीं वेळ शरीराची उष्णता उतरतच राहते. तेव्हां अंग कोरडें करून उबदार वस्त्रांत गुंडाळावें, लगेच कढत स्नान घालूं नये.

खाडी पुन्हां पोहतां येते. त्यासाठीं पोहणारा सुखरूप घरीं परतला पाहिजे.