कोणी काय सोडलं

१९६८ साली एचएमव्हीने 'रागा जॅझ स्टाइल' नावाची तबकडी काढली. संगीत शंकर-जयकिशन यांचं. अकरा राग, प्रत्येक तीन-चार मिनिटांत आटोपलेला. त्यात वाजवणाऱ्यांची नावं एकदा सावकाश वाचावीत. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर ल्युसिला पाशेको, गिटारवर अनिबाल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो, बासरीवर सुमन, तबल्यावर रमाकांत. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत ही माणसं एकमेकांच्या शेजारी बसत आणि सिनेमासाठी वाजवत. या तबकडीत पडदा बाजूला झाला आणि सूर तेवढे राहिले.

जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यमेळ आणि आपली वाद्यं यांच्या मिलाफाचा इतिहास सांगताना लोक बहुधा लंडन किंवा न्यूयॉर्कपासून सुरुवात करतात. मला तो मुंबईपासून सांगावासा वाटतो, कारण इथे हा मिलाफ प्रयोग म्हणून सुरूच झाला नाही. तो पोटापाण्याच्या कामातून आला.

१९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्डही आला. त्यांचं ऐकून, त्यांच्याबरोबर वाजवून गोव्याकडच्या तरुण वादकांनी जॅझ उचललं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा 'चिक चॉकलेट' झाला, त्याच्या ट्रम्पेटमुळे लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. या मुलांना नोटेशन लहानपणापासून वाचता येई. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत, त्याची ही कमाई. रात्री हॉटेलात नाचाचं संगीत आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं, असा त्यांचा दिनक्रम असे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. त्यांच्या 'अलबेला'त (१९५१) चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. मराठी कानाला जॅझची पहिली गोडी याच चित्रपटांनी लावली, असं मला वाटतं.

आता मुख्य अडचणीकडे येतो. ती समजल्याशिवाय पुढच्या माणसांनी काय केलं याची किंमत कळत नाही.

मालकंस घ्या. सा, कोमल ग, मध्यम, कोमल ध, कोमल नी, एवढेच स्वर. तानपुऱ्याची पहिली तारही पंचमाऐवजी मध्यमात लावायची. आता पियानोवाल्याला सांगा की याला साथ कर. त्याचा हात सवयीने षड्जावरच्या कॉर्डकडे जाणार, आणि त्या कॉर्डमध्ये पंचम असतोच. म्हणजे पहिल्याच घासाला खडा. मध्यमावरची किंवा कोमल धैवतावरची कॉर्ड रागाच्या स्वरांत बसते, पण ती बसली की कानाला तोच स्वर घर वाटायला लागतो आणि षड्ज पाहुणा होतो. जॅझमध्ये कॉर्ड बदलत राहतात, त्या बदलांवर कलाकार फिरतो. आपल्याकडे षड्ज हलत नाही आणि कलाकार त्याच्याभोवती फिरतो. दोन्हीकडे उत्स्फूर्तता आहे, म्हणून बाहेरून दोघं सख्खे भाऊ वाटतात. मात्र एकाची जमीन सरकती आहे आणि दुसऱ्याची स्थिर. एकत्र उभं राहायचं तर कुणाला तरी काही सोडावं लागतं. या साऱ्या काळाकडे मी त्या नजरेने पाहतो. कोणी काय सोडलं?

मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी उत्तर शोधलं ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या बाजूने. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे गुरू होते. अँथनी तरुणपणी मुंबईत आले, सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले आणि इथल्या रागसंगीताने झपाटले गेले. हनुवटीखाली व्हायोलिन धरणाऱ्या वादकाला मींड शिकणं म्हणजे हाताची जन्मभराची सवय मोडणं. आपले व्हायोलिनवादक मांडी घालून बसतात, वाद्याचं टोक पायाशी टेकवतात, म्हणून त्यांचा डावा हात तारेवर मोकळा घसरतो. उभ्याने वाजवणाऱ्याला तो घसरा कमवावा लागतो. अँथनींनी तो कमावला. १९५८ साली त्यांनी शंभराहून अधिक वादकांचा मेळ उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या दगडी चौकात कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात एकल गायक होते. रचना अँथनींच्या स्वतःच्या, त्यांत सारंग रागावरचा एक कॉन्चेर्टोही होता. रागाला नोटेशनच्या ओळींत बसवायचं तर त्याची बढत सोडावी लागते. अँथनींनी ती किंमत डोळसपणे मोजली, कारण शंभर माणसांना एकाच क्षणी एकच मींड घ्यायला लावायची तर ती लिहावीच लागणार.

आर्थिक पाठबळ टिकलं नाही. १९६५मध्ये ते अमेरिकेला सिराक्यूज विद्यापीठात गेले आणि परत आल्यावर गोव्यात शांतपणे राहिले. 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यातलं नाव त्यांचं आहे, शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेला तो नमस्कार. देशभर कोट्यवधी लोकांच्या तोंडी ते नाव आहे. त्या नावाच्या माणसाने काय लिहिलं हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

तेव्हाच लंडनमध्ये आणखी एक भारतीय व्हायोलिनवादक याच गाठीशी झुंजत होता. जॉन मेयर, कलकत्त्याचा. १९५२मध्ये शिष्यवृत्तीवर रॉयल अ‍ॅकॅडमीत गेला आणि पुढे लंडन फिलहार्मोनिक व रॉयल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदांत त्याने वर्षानुवर्षं नोकरी केली. जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबर त्याने दहा जणांचा मेळ जमवला. पाच जॅझवाले, आणि पाच मेयरच्या बाजूचे: व्हायोलिन, पाश्चात्त्य बासरी, सतार, तानपुरा, तबला. १९६६मध्ये त्यांची 'इंडो-जॅझ सूट' ही तबकडी आली. सतारीवर दिवाण मोतीहार. तबल्यावर मुंबईत जन्मलेले केशव साठे.

मेयरने बरंचसं आधी लिहून ठेवलं. सतार-तबल्याने मैफलीतला वेळ सोडला, आलापाची ऐसपैस बैठक सोडली. हॅरियटने तर त्याहून जास्त सोडलं. ब्रिटनमधल्या मुक्त जॅझमध्ये ज्याने स्वतंत्र वाट काढली, तो माणूस ठरावीक स्वरांच्या कुंपणात येऊन उभा राहिला. 'राग मेघ'मध्ये त्याचा आवाज धारदार आणि तहानलेला वाटतो. 'गौड सारंग' मात्र मला पटत नाही. तो वक्र राग आहे. 'ग रे म ग, प रे सा' या वळणातच त्याचा जीव. ते वळण गेलं की उरतात नुसते स्वर, आणि सॅक्सोफोन त्या स्वरांवरून सरळ धावत सुटला की राग मागे राहतो. मेयर रागाकडे स्वरांच्या मालिकेसारखा पाहत असे. त्याचं हे तंत्र बुद्धीला पटतं, पण वळणाच्या रागांत तोकडं पडतं.

त्या तबकडीत मला पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटतात ते साठे. पलीकडे जॅझचा ड्रमसेट आहे, त्याच्या चार मात्रा झुलत चालल्या आहेत आणि साठे ठेका स्वच्छ, न दमता धरून आहेत. समेवर येण्याची घाई नाही, आपलं कसब दाखवण्याचा हट्ट नाही. दहा जणांत षड्ज त्यांच्याच हातात आहे असं वाटतं. पुढच्या वर्षी त्यांनी आणि मोतीहार यांनी स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सर हिच्या चमूबरोबर 'जॅझ मीट्स इंडिया'त वाजवलं, नंतर ब्रिटनच्या लोकसंगीतवाल्यांबरोबरही. २००४मध्ये मेयर वारला तेव्हा त्याच्यावर लिहिलं गेलं. हॅरियट १९७३मध्येच, चव्वेचाळिसाव्या वर्षी, हलाखीत गेला होता. त्याच्यावरही आता आदराने लिहितात. केशव साठे यांच्याबद्दल मराठीत एखादा चांगला लेख तरी असायला हवा.

१९६७मध्ये रवी शंकर आणि यहुदी मेन्युहिन यांची 'वेस्ट मीट्स ईस्ट' आली आणि तिला ग्रॅमी मिळालं ते चेंबर म्युझिकच्या गटात. म्हणजे जिथे चौघांनी एकमेकांकडे पाहत, कंडक्टरशिवाय वाजवायचं, त्या परंपरेने सतारीला आपल्या खोलीत जागा दिली. आपली मैफलही मुळात दिवाणखान्यातलीच.

पुढची वर्षं माहितीतली आहेत, म्हणून भराभर सांगतो. १९७८मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली, सोनी रोलिन्स तीत वाजवून गेला. पियानोवादक लुई बँक्स, गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि बंगळूरच्या कर्नाटक गायिका रमामणी यांनी एकत्र काम केलं. रमामणींचे तोंडी बोल आणि ब्राझचा सॅक्सोफोन यांची जुगलबंदी ऐकली की पन्नासच्या दशकातल्या स्टुडिओचं ऋण फिटल्यासारखं वाटतं.

त्याआधी, १९७५मध्ये, 'शक्ती' या मेळाने सर्वांत मोठा त्याग केला होता, आणि तो जॅझवाल्याने केला. विजेची गिटार गाजवलेल्या जॉन मॅक्लॉफ्लिनने साधी गिटार घेतली, तिच्यावर तरफेसारख्या सात जादा तारा आडव्या बसवून घेतल्या आणि तो मांडी घालून बसला. पियानो नाही, बास नाही, ड्रमसेट नाही. समोर एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम. कॉर्डच गेली, त्यामुळे मालकंसातल्या पंचमाचा प्रश्नच उरला नाही.

झाकीरभाई मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊन आले. २०१५मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने त्यांचा तबला आणि वाद्यवृंदासाठीचा 'पेशकार' पहिल्यांदा सादर केला. पेशकार म्हणजे एकल तबल्याची सुरुवात, ठेका सावकाश उलगडत नेण्याची जागा, जिथे वादकाचं घराणं आणि मन दोन्ही कळतं. फेब्रुवारी २०२४मध्ये एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाली, त्यांतलं एक 'शक्ती'साठी आणि दोन बॅन्जो, डबल बास, बासरी व तबला अशा चौघांच्या मेळासाठी. डिसेंबरात ते गेले.

'पेशकार' झाला तेव्हा अँथनी गोन्साल्विस यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. झेवियर्सच्या त्या चौकापासून एनसीपीए चालत पाऊण तासावरही नाही. रागाची भाषा जाणणारा वाद्यवृंद आज शहरात आहे, सभागृह आहे, ऐकणारेही आहेत. सारंगातला तो कॉन्चेर्टो मला तिथे बसून ऐकायचा आहे.