लांब पल्ल्याच्या विमानांचा सौदा

लांब पल्ल्याचे विमान घेताना कंपनी केवळ किंमत पाहत नाही. भरल्या वजनानिशी ते किती मैल जाईल, इंधन किती लागेल, सुटे भाग व वैमानिकांचे शिक्षण यांवर काय खर्च होईल आणि विमान ताब्यात केव्हा मिळेल, हा सारा हिशेब मांडावा लागतो. अमेरिकेतील पॅन अमेरिकन कंपनीचा सौदा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९५५ साली बोइंगचे नमुन्याचे जेट विमान प्रत्यक्ष उडत होते. डग्लसचे डीसी-८ अद्याप कागदावरच होते. परंतु अटलांटिक महासागर विनाथांबा ओलांडण्यास बोइंगचे ७०७ भरवशाचे नव्हते, आणि डग्लस तर अधिक बलवान इंजिनांनिशी नेमके तेच वचन देत होता. कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांनी १३ ऑक्टोबर रोजी बोइंगकडे २० व डग्लसकडे २५ विमाने मागविली. उडत्या मालाहून नकाशावरच्या मालाला मोठी मागणी! बोइंगला अधिक पल्ल्याचे ७०७ बांधावयास घ्यावे लागले. त्याच महिन्यात युनायटेड कंपनीनेही डीसी-८ पसंत केले. त्याचे केबिन अधिक रुंद होते. तेव्हा बोइंगने आपले विमान रुंदावून डग्लसहून एक इंच पुढे नेले, आणि नोव्हेंबरात अमेरिकन एअरलाइन्सचे गिऱ्हाईक मिळविले.

मग ट्रिप यांनी ती २० तरी का घेतली? डीसी-८ ची प्रवासी सेवा सुरू होण्यास १९५९ चा सप्टेंबर उजाडला. पॅन अमेरिकनचे ७०७ मात्र २६ ऑक्टोबर १९५८ रोजीच न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले होते; वाटेत गँडर येथे इंधन घेऊन का होईना.