पस्तीस युनिटांत वर्षभराचं गाणं

२००१ साली कॅलिफोर्नियातल्या शॉन अ‍ॅडम्स यांनी ‘स्लिमपीथ्री’ नावाचं एक खोकं बाजारात आणलं. त्यात ना डिस्क, ना गाणी. गाणी घरातल्या कॉम्प्युटरवर. खोकं ती नेटवर्कवरून ओढून घेई आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे धाडी. त्यांची कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली, ‘स्क्वीझबॉक्स’ नावाने ही खोकी खपली आणि २०१२ मध्ये ती मालिका बंद झाली. एरवी सगळा कारभार तिथेच आटोपला असता. पण कॉम्प्युटरवरून गाणी पुरवणाऱ्या ‘सर्व्हर’ प्रोग्रॅमचा कोड खुला होता, आणि हौशी मंडळींनी तो चालू ठेवला. आज तो ‘लिरिअन म्युझिक सर्व्हर’ या नावाने फुकट मिळतो.

त्याला महागडं यंत्रही लागत नाही. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. म्हणजे सेकंदाला १४ लाख बिट. घरच्या वायफायला हे किरकोळच. अडगळीतला लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर हे काम हसतखेळत करतो. पाय सरासरी चार वॅट खातो असं धरलं, तर वर्षभर चोवीस तास चालू ठेवूनही विजेची ३५ युनिटं होतात.

गाणी साठवायला ‘फ्लॅक’ फाइल उत्तम. हा प्रकार मोठा हुशार आहे. आधीच्या नमुन्यांवरून तो पुढच्याचा अंदाज बांधतो आणि फक्त अंदाज किती चुकला तेवढंच लिहून ठेवतो. या चुका बहुतेक लहान असतात, आणि लहान आकडे थोडक्या बिटांत लिहिण्याची युक्ती नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या रॉबर्ट राइस यांची. फाइल जवळपास निम्मी होते, पण एकही बिट हरवत नाही. हजारभर सीडी ५०० जीबीच्या डिस्कवर सहसा मावतात.

खरी गंमत दोन खोल्यांत एकच गाणं लावल्यावर कळते. दोन प्लेअरच्या घड्याळांत दहा लाखांत दहा भाग एवढाच फरक असला, तरी तासाभरात ३६ मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि तबल्याची थाप दुहेरी ऐकू येऊ लागते. सर्व्हर दोघांवर नजर ठेवून पुढे गेलेल्याला अधूनमधून थोपवतो.

वेळ जातो तो जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवण्यात. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते, तिथे घाई चालत नाही. त्यात शास्त्रीय संगीत असेल तर ‘आर्टिस्ट’ आणि ‘अल्बम’ या दोन रकान्यांत राग, ताल, साथीदार कोंबायचे कुठे? फ्लॅकमध्ये मनाजोगते रकाने जोडता येतात. रकान्याचं नाव मात्र ‘RAAG’ असं रोमन अक्षरांत हवं; त्यात देवनागरीत ‘मारवा’ लिहिलं तरी फाइलला चालतं. पण तो रकाना पडद्यावर दिसेल की नाही, हे प्रत्येक प्रोग्रॅमच्या मर्जीवर. शेकडो फायली भरण्याआधी पाच-दहा फायलींवर हे तपासून घेतलेलं बरं.