बंदुकीचा परवाना आहे? तरी काडतूस घरी भरू नका

मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ येतात. तिकडचे नेमबाज रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतात. पण नीट बघा, ते दारू ग्रेनमध्ये तोलतात. १५ ग्रेन म्हणजे जवळपास १ ग्रॅम. कमी दारूपासून सुरुवात करून रेंजवर तपासतात.

रानडुकरांसाठी पीक संरक्षणाची बंदूक असली तरी अंदाजानं काडतूस भरू नका. काळ्या दारूच्या मापानं बिनधुराची दारू भरली, तर दाब वाढून नळी फुटते. बोटं जातात, डोळा जातो.

शिवाय काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद आहे. काडतूस परवानाधारक दुकानातूनच घ्या, पावती जपा.