प्रयोगशाळेचे दार उघडले, पुढे काय?

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेल्या एका हुशार विद्यार्थिनीने बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला. तिचे वडील आणि काका याच संस्थेत रसायनशास्त्र शिकले होते. तिलाही प्रवेश मिळेल अशी खात्री होती. पण संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. गुण कमी नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण. ही विद्यार्थिनी म्हणजे लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण कमला, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. काम समाधानकारक वाटले तरच पुढे मान्यता. वर्षभरात त्यांनी रामन यांचे मत बदलायला लावले आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. डाळींतील प्रथिने आणि नीरेतील पोषणमूल्ये यांवरील त्यांचे संशोधन कुपोषणाच्या प्रश्नाशी थेट जोडलेले होते. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषवले, मात्र ते त्यांना उशिराच मिळाले.

कमलाबाईंच्या वाटेवर तीन वेगवेगळे अडथळे होते. आधी प्रवेश नाकारला गेला, मग प्रवेशाला अटी लागल्या आणि शेवटी बढती लांबली. यांपैकी पहिला अडथळा आज बराचसा दूर झाला आहे. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेत, पदवीपासून पीएच.डी.पर्यंत, २९.८ लाख मुली होत्या आणि २७.४ लाख मुलगे. म्हणजे मुलींना विज्ञान झेपत नाही किंवा आवडत नाही, हे म्हणणे आता टिकत नाही. तरीही जगभरातील संशोधकांत स्त्रिया सुमारे एक तृतीयांशच आहेत, आणि भारतात हे प्रमाण त्याहूनही कमी आहे. वर्गात दिसणाऱ्या मुली प्रयोगशाळेत का दिसत नाहीत?

पहिले उत्तर वयाच्या गणितात आहे. पीएच.डी. पूर्ण होईपर्यंत तिशी जवळ येते. त्यानंतर दोन-चार वर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर, अनेकदा परगावी किंवा परदेशी, काम करावे लागते. कायम नोकरीचा अर्ज त्यानंतर. नेमकी हीच वर्षे लग्नाची आणि मूल होण्याची. प्रयोगशाळेतल्या पेशींना रविवार कळत नाही. काही प्रयोगांच्या नोंदी मध्यरात्रीही घ्याव्या लागतात. घरी मुलाकडे पाहायला कोणी नसेल आणि रात्री परतायला सुरक्षित वाहन नसेल, तर प्रयोग सोडावा लागतो तो बहुधा बाईलाच. दोन वर्षे खंड पडला की शोधनिबंधांची यादी थांबते आणि पदाची वयोमर्यादा मात्र जवळ येत राहते.

दुसरे उत्तर निवड करणाऱ्यांच्या मनात आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एक अर्ज दाखवण्यात आला. अर्ज अक्षरशः तोच. निम्म्यांना दिलेल्या प्रतीवर पुरुषाचे नाव होते, निम्म्यांच्या प्रतीवर स्त्रीचे. पुरुषाच्या नावाचा अर्ज अधिक सक्षम उमेदवाराचा वाटला आणि त्याला पगारही जास्त सुचवला गेला. विशेष म्हणजे स्त्री प्राध्यापकांनीही तसेच केले. हा भेदभाव मुद्दाम केलेला नव्हता, म्हणूनच तो सहज पकडता येत नाही.

या समजुतीचे मूळ फार लहान वयात रुजते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांची मुले-मुली ‘खूप हुशार’ व्यक्ती म्हणून आपापल्याच गटाकडे बोट दाखवत होती. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र मुलींचे हे प्रमाण घसरले होते. ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळातही त्यांचा रस कमी दिसला. शाळेत गुण मिळवण्यात मुली पुढे असतात, असे त्याच मुली सांगत होत्या.

उपाय नाहीत असे नाही. करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये शिष्यवृत्ती योजना सुरू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आणि प्रबंधासाठी वाढीव मुदत दिली. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक ठरली. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा ठेवल्या. मुलग्यांच्या जागा न घटवता तिथल्या नव्या प्रवेशांत मुलींचा वाटा दोन वर्षांत सुमारे २० टक्क्यांवर गेला. क्षमता तीच होती, फक्त व्यवस्था बदलली.

पण रजा कागदावर असून भागत नाही. संशोधनाकडे वळणाऱ्या मुलीला घरचे आजही विचारतात, ‘तुला हे जमेल का?’ हा प्रश्न खरे तर संस्थेला विचारायला हवा. पाळणाघर प्रत्यक्ष सुरू आहे का? रात्री उशिरा घरी सोडण्याची सोय आहे का? खंड पडलेल्यांना वयात सवलत मिळते का? निवड समितीत किती स्त्रिया आहेत? एका संशोधिकेच्या शिक्षणावर समाज वीस-बावीस वर्षे खर्च करतो. ती तिशीत घरी बसली तर तोटा तिच्या एकटीचा नसतो. जो शोध लागायचा राहिला, त्याची तर कुठे नोंदही होत नाही.